पोलीस कोण होणार?

गुरुवारी सकाळी स्टँडअप चालू होतं आणि मोबाईल थरथरला. दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, गावी शेती बघतो. तो कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, त्यामुळे पोटात गोळाच आला. आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, शहाऐंशी वर्षांचे आहेत. स्वतःला म्यूट केलं आणि फोन उचलला.

"अरे, चिरंजीव कालपासून धड जेवत नाहीयेत," दादा म्हणाला.

"का? ताप आहे का?"

"ताप नाही रे. त्याला पोलीस केलंय."

मला हसू आवरेना, पण दादा गंभीर होता. झालं होतं असं. ९ सप्टेंबरला आमच्या गावातली पोरं नंदुरबारच्या १९४२ च्या मिरवणुकीचा प्रसंग करून दाखवणार होती. स्टेजवर नाही, गावातल्या गल्लीतून. खरी मिरवणूक, खऱ्या घोषणा आणि शेवटी गोळीबार. शिरीषकुमार व्हायला अर्धी शाळा तयार होती. पोलीस व्हायला कोणीच नाही. मग सरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि सातवीतल्या आमच्या पुतण्याची चिठ्ठी निघाली.

"काका, तू सांग ना सरांना," मागून त्याचा रडका आवाज आला. "मी गर्दीत उभा राहीन, पण मला गोळी मारायची नाहीये."

मी सरांना काही सांगितलं नाही. पण मॅनेजरला मेल टाकून दोन दिवसांची रजा मात्र घेतली. का घेतली, ते सांगायचं तर आधी यॉर्कशायरला जावं लागेल.

*

गेल्या वर्षी मी चार महिने लीड्सला ऑनसाईट होतो. वीकेंडला करायचं काय? शनिवारी कपडे धुवायचे आणि रविवारी डाळभात शिजवून आठवड्याचं फ्रीझ करायचं, हा आमचा कार्यक्रम. एकदा टीममधल्या एका गोऱ्या सहकाऱ्यानं विचारलं, चाळीसच्या दशकाचा वीकेंड बघायला येतोस का? म्हटलं चला.

हा प्रकार आपल्याकडे फारसा नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तिकडे जुन्या वाफेच्या इंजिनांच्या छोट्या रेल्वे लोकांनी हौसेनं चालू ठेवल्या आहेत. वर्षातून एखाद्या शनिवार-रविवारी अशा एका लाईनवरची स्टेशनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेऊन ठेवतात. खिडक्यांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या, फलाटावर वाळूच्या पोत्यांच्या भिंती. बायका त्या काळच्या केशरचना करून येतात. लहान पोरांच्या गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, कारण बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं शहरातली मुलं अशीच खेड्यात पाठवली होती. एका टेबलावर रेशनचं दुकान. ब्रिटनमध्ये रेशनिंग ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं आणि पुरतं संपलं ४ जुलै १९५४ ला, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षांनी. त्या टेबलावरच्या आजींनी आठवड्याचं लोणी, साखर, चहा असं मोजून माझ्यासमोर ठेवलं. एवढ्यात माझं दोन दिवसही भागलं नसतं. पुस्तकात वाचून जे कळलं नव्हतं ते त्या बशीकडे बघून कळलं. याला ते लोक जिवंत इतिहास म्हणतात, आणि नाव अगदीच खोटं नाही.

एक म्हातारे गृहस्थ चौदाव्या आर्मीचा वेष करून उभे होते. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली ती फौज. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरूनच ठेवला. त्यांचे वडील त्या फौजेत होते आणि फौजेत सगळ्यात जास्त भरणा भारतीय सैनिकांचा होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला, खरं सांगतो, तेव्हा इतकं ठाऊक नव्हतं. त्या युद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढलं होतं, सक्तीची भरती न करता, हे मी हॉटेलवर येऊन वाचलं. ज्या वर्षांत ते लोक लोणी मोजून खात होते त्याच वर्षांत, १९४३ साली, बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं दुष्काळात मेली, हेही त्याच रात्री वाचलं. झोप काही नीट लागली नाही.

पण डोक्यात राहून गेली ती वेगळीच गोष्ट. प्रवेशाच्या नियमांत एक ओळ होती, जर्मन एसएसचे गणवेश घालून येऊ नये. तिकडच्या बऱ्याच कार्यक्रमांत ही बंदी असते, आणि कारण समजण्यासारखं आहे. कोणाच्या तरी आजीचं अख्खं कुटुंब त्या गणवेशानं संपवलेलं असतं. पण त्यामुळे होतं काय, की दोन दिवस सगळं युद्ध चालतं आणि त्यात समोरची बाजूच नसते. सगळे शूर, सगळे सोशिक, सगळे आपले. आमच्या भाषेत सांगायचं तर फक्त हॅपी पाथ टेस्ट करायचा आणि म्हणायचं, चला, सिस्टीम चालते!

दादाचा फोन आला तेव्हा मला हेच आठवलं. आमच्या गावाला निदान प्रश्न तरी पडला होता. पोलीस कोण होणार?

*

आमचं गाव ब्राह्मणपुरी. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. पुण्यात हे सांगितलं की हमखास एक प्रश्न येतो, "नंदुरबार म्हणजे गुजरातमध्ये ना?" नाही हो, महाराष्ट्रातच आहे! १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. १९४२ साली हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता आणि कलेक्टर बसायचा धुळ्याला.

रात्रीच्या स्लीपर बसनं निघालो. नाशिक, मालेगाव, धुळे. धुळ्याच्या पुढे दोंडाईच्याकडे जाताना चिमठाणे नावाचं गाव लागतं. लहानपणापासून शेकडो वेळा या रस्त्यानं गेलोय, पण इथे १४ एप्रिल १९४४ ला सरकारी खजिना लुटला गेला होता हे मला नोकरी लागल्यावर कळलं. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथीदार थेट इथवर आले होते. या भागात तेव्हा काय वातावरण होतं याची कल्पना यावी म्हणून सांगितलं. त्याआधी १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन खानदेशातच, फैजपूरला झालेलं. अंमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून साने गुरुजी १९३० सालीच चळवळीत उतरलेले. म्हणजे नंदुरबारची पोरं काही अचानक एका सकाळी उठून रस्त्यावर आली नव्हती.

सारंगखेड्याला तापी ओलांडली तेव्हा उजाडत होतं. नदीला पाणी भरपूर होतं. पुढे दोन्ही बाजूंना केळी, पपई आणि ऊस. शहाद्याला दादा बाईक घेऊन उभा होता.

*

आता मूळ घटना. ज्यांनी शाळेत चार ओळींचा धडा वाचून सोडून दिली असेल (मीही त्यांतलाच) त्यांच्यासाठी.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकवर काँग्रेसच्या महासमितीनं 'छोडो भारत'चा ठराव केला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसकट सगळे मोठे नेते आत. आता पुढे काय करायचं ते सांगायला कोणी बाहेर उरलंच नाही, म्हणून ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. १६ ऑगस्टला विदर्भात चिमूर आणि आष्टीला रक्त सांडलं. सरकारला घाई होती, कारण बाहेर युद्ध चालू होतं. रंगून मार्चमध्येच जपान्यांच्या हातात गेलेलं आणि शत्रू आसामच्या दारात. ३१ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगोनं चर्चिलला कळवलं, की १८५७ नंतरचं हे सर्वांत गंभीर बंड आहे.

चळवळीला बरोबर एक महिना झाला तो दिवस ९ सप्टेंबर. नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पुढे शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता. जन्म २८ डिसेंबर १९२६, म्हणजे त्या दिवशी वय पंधरा वर्षं आठ महिने. आज या वयाचा मुलगा दहावीच्या क्लासला असतो. घर गुजराती व्यापाऱ्याचं, गाव सुरतेच्या रेल्वे लाईनवरचं, त्यामुळे घोषणाही गुजरातीत होत्या. निशाण झुकणार नाही, अशा अर्थाच्या. भर बाजारपेठेत पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि लाठीमार झाला. पोरं हटेनात. मग बंदुका वर झाल्या. आमच्याकडे सांगतात ते असं, की एका पोलीस अधिकाऱ्यानं मुलींच्या रोखानं बंदूक धरली, तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला आणि म्हणाला, मारायचं तर मला मार. गोळ्या छातीत लागल्या.

त्याच्याबरोबर आणखी चौघं गेले. लालदास बुलाखीदास शहा, धनसुखलाल गोवर्धनदास वाणी, शशिधर नीळकंठ केतकर आणि घनश्यामदास गुलाबचंद शहा. शिरीषकुमारचं नाव तरी शाळाशाळांत माहीत आहे. ही चार नावं मला स्वतःला पाठ नव्हती. आता आहेत.

ही नंदुरबारची एक सकाळ झाली. सगळ्या देशाचं सरकारी गणित असं आहे. ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ या पाच महिन्यांत साठ हजारांहून जास्त अटका, ५३८ वेळा गोळीबार आणि ९४० मृत्यू. हे सरकारनं स्वतः दिलेले आकडे, खरे याहून जास्त असणार.

आता ५३८ वेळा गोळीबार झाला तर गोळ्या झाडल्या कोणी? वरचा अधिकारी कधी गोरा असेल, कधी नसेल. पण चाप ओढणारं बोट बहुतेक वेळा आपलंच होतं. जिल्ह्याच्या पोलीस दलातले शिपाई इथलेच, इथल्याच बोलीत बोलणारे आणि महिनाअखेर पगाराची वाट बघणारे.

हे गांधीजींनाही दिसत होतं. त्या ८ ऑगस्टच्या भाषणात त्यांनी सैनिकांसाठी वेगळा निरोप दिला होता. नोकरी सोडा असं ते म्हणाले नाहीत. योग्य असतील ते हुकूम पाळा, पण आपल्याच लोकांवर गोळी झाडायला नकार द्या, असं म्हणाले. ऐकायला सोपं वाटतं. पण २३ एप्रिल १९३० ला पेशावरमध्ये गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या जवानांनी नेमकं हेच केलं होतं. निःशस्त्र जमावावर गोळी झाडायला नकार दिला. कोर्टमार्शल झालं, गढवालींना जन्मठेप झाली आणि ते सुटले थेट १९४१ मध्ये. नकार देण्याची किंमत काय असते हे प्रत्येक शिपायाला माहीत होतं.

*

घरी पोचलो तर चिरंजीव ओसरीवर तोंड फुगवून बसलेले. शेजारी काळ्या रंगानं रंगवलेला प्लास्टिकच्या पाईपचा तुकडा पडलेला. ती बंदूक.

मी त्याला समजावायला लागलो. नाटकात कोणीतरी वाईट व्हावंच लागतं वगैरे वगैरे. आप्पा पलंगावरून ऐकत होते. मध्येच म्हणाले (ते घरात आमच्या बोलीतच बोलतात, मी इथे मराठीत लिहितोय), "त्याला सांग, त्याचा खापरपणजोबा पोलीसच होता."

मी गप्पच झालो. आप्पांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, सरकारी नोकरीत होते एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत. मी आपला तलाठी किंवा कारकून समजत होतो. कधी कोणी सांगितलं नाही.

"कधी होते पोलीस?"

"मी जन्मलो त्याच्या आधीपासून. पश्चिम खानदेशात शिपाई. धुळं, साक्री, शिरपूर. जिथं पाठवलं तिथं."

"बेचाळीसला?"

"शिरपूरला."

वहिनी चहा घेऊन आली होती, तीही तशीच उभी राहिली. मनात मी आधी काय केलं असेल? सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे नंदुरबारला नव्हते! आप्पांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"शिरपूर काय लांब आहे का?" ते म्हणाले. "बंदोबस्ताला कुठूनही माणसं मागवायचे. यादीत नाव आलं असतं तर गेले असते. नाही आलं."

मग त्यांनी दादाला माडीवरची लोखंडी पेटी खाली आणायला लावली. जुन्या सातबाऱ्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला चामड्याचा पट्टा होता. चामडं वाळून लाकडासारखं झालेलं. पुढे पितळी बक्कल, त्यावर नंबर. बक्कल नंबर हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण तो आपल्याच घरच्या बक्कलवर कोरलेला बघणं म्हणजे... काय सांगू. अंगठा फिरवला तर आकडे अजून बोटाला लागत होते.

"पंधरा ऑगस्टला धुळ्याच्या परेडमध्ये तिरंग्याला सलामी दिली, तेव्हाही हाच पट्टा होता," आप्पा म्हणाले. "तेव्हा मी आठ वर्षांचा. मला सोबत घेऊन गेले होते."

म्हणजे ज्या झेंड्याची मिरवणूक अडवणं ही १९४२ साली ड्युटी होती, त्याच झेंड्याला १९४७ साली सलाम करणं ही ड्युटी झाली. पट्टा बदलला नाही, नंबर बदलला नाही. मधल्या पाच वर्षांत त्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल?

पुतण्यानं हळूच पट्टा उचलला. कमरेला दोन वेढे बसले. "हा मी घालू?" त्यानं विचारलं.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाल. पण नीट उभा राहा. ते कधी वाकून उभे राहायचे नाहीत."

त्या दिवशी तो जेवला.

*

९ तारखेला सकाळी नऊला मारुतीच्या पारापासून मिरवणूक निघाली. चाळीसेक पोरंपोरी. पांढरे सदरे, कागदाच्या गांधी टोप्या, मुली पांढऱ्या ओढण्या घेऊन पुढे. शिरीषकुमार झालेला नववीतला पोरगा, उंच आणि काटकुळा, हातात झेंडा. गाव दुतर्फा उभं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. यॉर्कशायरइतकं चोख काहीच नव्हतं. निम्म्या पोरांच्या पायांत स्पोर्ट्स शूज, एकाच्या मनगटावर स्मार्टवॉच, आणि १९४२ च्या मिरवणुकीत मध्येच एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत घुसला. सगळे हसले. मीही हसलो.

ग्रामपंचायतीसमोर सहा पोलीस आडवे उभे होते. आमचा पठ्ठ्या डावीकडून दुसरा. खाकी चड्डी कोणाची तरी मागून आणलेली, वर तो पट्टा. ताठ उभा.

घोषणा वाढल्या. पोलिसांनी वेताच्या काठ्या जमिनीवर आपटल्या. मग सरांनी शिट्टी वाजवली आणि सहा पाईप वर झाले. आवाजासाठी भिंतीमागे एक तरुण सुतळी बॉम्ब घेऊन बसला होता. पहिला लावला तो फुसका निघाला, पावसात ओल धरली होती. पुन्हा हशा. पोरांनीही हसून घेतलं आणि शिरीषकुमार पुन्हा गंभीर होऊन उभा राहिला.

दुसरा मात्र वाजला. असा वाजला की पारावरची कबुतरं उडाली आणि एक तान्हं मूल रडायला लागलं. पाच पोरं खाली पडली. झेंडा पडू द्यायचा नाही असं ठरलेलं, तो मागच्या मुलीनं वरच्या वर धरला. आणि मग कोणी हसलं नाही. शिरीषकुमार झालेल्या पोराची आई माझ्या पुढेच उभी होती. नाटक आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं मान वळवली.

ठरल्याप्रमाणे पोलिसांनी आता पळून जायचं होतं. पाच जण पळाले. आमचा तिथेच उभा राहिला. सर मागून दबक्या आवाजात नाव घेऊन बोलावतायत, पण हा हलेचना. समोर पडलेल्या पोरांकडे बघत, पाईप खाली धरून. ती पोरं उठून कपडे झटकेपर्यंत तो तसाच होता. मिनिटभर असेल. मला फार लांब वाटलं.

नंतर विचारलं, का रे पळाला नाहीस? म्हणाला, "पळून कुठे जाणार काका? त्यांना दुसऱ्या दिवशी परत ड्युटीवर यायचंच होतं ना."

मला यावर बोलता आलं नाही. बारा वर्षांचा आहे तो.

*

दुपारी दादाची बाईक घेतली, पुतण्याला मागे बसवलं आणि प्रकाशावरून नंदुरबारला गेलो. माणिक चौकात हुतात्म्यांचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर असल्यामुळे हारफुलांचा ढीग होता. सकाळचे कार्यक्रम उरकलेले, बाजार नेहमीसारखा चालू. आम्ही पाचही जणांची नावं एकेक करून मोठ्यानं म्हटली. पुतण्यानं चहूकडे बघितलं आणि विचारलं, "पोलिसांची नावं कुठे असतात?"

"त्यांची नसतात रे."

"मग त्यांच्या घरी कसं कळणार?"

परत येताना प्रकाशाच्या पुलावर थांबलो आणि त्याला एक गोष्ट सांगितली. इतिहासातल्या तारखा शोधायच्या माझ्या खोडीमुळे ती मला सापडली होती. त्याच दिवशी, ९ सप्टेंबर १९४२ ला, नोबुओ फुजिता नावाच्या जपानी वैमानिकानं अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलावर बॉम्ब टाकले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या विमानानं केलेला तो पहिला बॉम्बहल्ला. सुदैवानं जंगल ओलं होतं, कोणी मेलं नाही. वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, तिथल्या ब्रुकिंग्ज गावानं त्याला बोलावलं. तो गेला आणि आपल्या घराण्याची चारशे वर्षांची तलवार त्यानं गावाला देऊन टाकली. ती तिथेच जपून ठेवली आहे. नंतरही तो जात राहिला.

"म्हणजे त्यानं सांगितलं, मीच होतो," पुतण्या म्हणाला.

"हो."

फुजिताच्या हातून कोणी मेलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते सोपं गेलं असेल, हेही खरं. नंदुरबारच्या शिपायांना कोण बोलावणार आणि ते कुठल्या तोंडानं जाणार? पण या पोराला जे कळलं ते तेवढंच होतं. कोणीतरी 'मी होतो' म्हणावं लागतं.

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं आप्पांना सरळ विचारलं. मोठ्यांची जी हिंमत झाली नाही ती त्याची झाली. "नंदुरबारला पाठवलं असतं तर त्यांनी गोळी मारली असती?"

आप्पा म्हणाले, "ठाऊक नाही बेटा. त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि आम्ही कधी विचारलं नाही. ते वारल्यावर तर मी ती पेटी बंदच करून टाकली."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "पट्टा पेटीत नको ठेवूस. तिथं खुंटीला राहू दे."

*

शनिवारी दुपारी पुण्याला परत आलो आणि हे लिहायला बसलो. एक साधं गणित करून बघितलं. १९४१ च्या जनगणनेत अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे ३९ कोटी होती. १९४२ अखेरपर्यंतच्या अटका साठ हजारांच्या वर. म्हणजे साधारण साडेसहा हजार माणसांमागे एक. आज मात्र ज्याला विचारावं त्याच्या घरी एक स्वातंत्र्यसैनिक असतो. गणित बसत नाही, मंडळी! उरलेले सगळे कुठे गेले? कोणी शेत नांगरत होतं, कोणी दुकानात बसलं होतं, कोणी बर्मात लढत होतं आणि कोणी खाकी घालून चौकात उभं होतं. आपण बहुतेक त्यांचीच नातवंडं-पतवंडं आहोत.

यानं शिरीषकुमारचं मोठेपण कमी होत नाही. उलट माझ्यासाठी ते वाढलं. समोर कोणी राक्षस उभा आहे आणि आपण छाती पुढे करतोय, असं नव्हतं ते. समोर गावातलाच कोणीतरी होता, ज्यानं नकार दिला असता तर बरं झालं असतं, आणि ज्यानं तो दिला नाही.

तुमच्या घरात अजून कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर या वीकेंडला फोन करा. बेचाळीसला आपल्या घरी कोण काय करत होतं, एवढंच विचारा. उत्तर आवडेलच असं नाही, पण विचारून ठेवा.

असो. सोमवारी रिलीज आहे. दोन दिवसांच्या रजेचं उट्टं मॅनेजर काढणारच!